वत्सराजाचे दुकान : अंजनेरीच्या भग्न मंदिरांतील एक दिवस

शके १०६३ मध्ये, म्हणजे इसवी सन ११४१-४२ च्या सुमारास, त्र्यंबकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका नगरात वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने, लाहड आणि दशरथ या दोघांसह, एक दुकान व एक घर आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ स्वामी यांच्या मंदिरास अर्पण केले. त्या भागावर अंमल असलेल्या यादव कुळातील सेउणदेवाने, जो लेखात स्वतःस महासामंत म्हणवितो, त्यानेही नगरातील दुकाने त्याच मंदिराला दिली होती. हा सारा व्यवहार संस्कृत भाषेत दगडावर कोरला गेला. पुढे नगर विरले, बाजारपेठ उठली, मंदिराचे शिखर ढासळले. दानलेख तेवढा उरला. ते नगर म्हणजे आजचे नाशिक जिल्ह्यातील अंजनेरी. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावर, नाशिकपासून वीस किलोमीटरच्या आसपास.

आपल्यापैकी असंख्य कुटुंबे या रस्त्याने त्र्यंबकला, गजपंथा क्षेत्री किंवा नाशिकच्या नातलगांकडे जातात. अंजनेरीचा डोंगर हनुमंताचे जन्मस्थान मानला जातो, म्हणून डोंगरावरही बारमाही वर्दळ असते. परंतु पायथ्याच्या शेतांमध्ये सोळा प्राचीन मंदिरांचे अवशेष आहेत आणि त्यांपैकी चार जैन मंदिरांचे आहेत, ही गोष्ट मी ज्या ज्या व्यापाऱ्यास सांगितली, त्याने प्रथम अविश्वासच दाखविला.

या सहलीचे निमित्त मात्र कंबोडियाचे झाले. आमच्या काशीमीऱ्याच्या वसाहतीतील एक दांपत्य तिकडची अंगकोरची मंदिरे पाहून आले आणि जंगलातील भग्न देवळे, दगडांना विळखा घालणारी झाडांची मुळे, यांची छायाचित्रे त्यांनी सर्वांना दाखविली. ती पाहून एका काकींनी विचारले, ‘‘असे काही आपल्याकडे नाही का, सकाळी निघून रात्री घरी येता येईल असे?’’ प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला आम्ही इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो आणि त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता अंजनेरीचे नाव घेतले. वाटाड्या म्हणून येण्याचेही त्यांनी कबूल केले. त्यांची अट एकच होती. बसमध्ये अंताक्षरी नको.

पौषातल्या एका रविवारी पहाटे चार वाजता काशीमीरा नाक्यावरून बस निघाली. घोडबंदर रस्ता, ठाणे, भिवंडी, शहापूर, कसारा घाट. थंडीत सूर्योदय उशिरा होतो, त्यामुळे नवकारसीची वेळ होईतो आम्ही नाशिकच्या अलीकडे विल्होळीच्या तीर्थावर पोहोचलो. दर्शन, नवकारसी आणि गरम पाणी तेथेच झाले. वयस्कर मंडळींसह सहल आखायची, तर पाण्याची, पायऱ्यांची आणि सूर्यास्ताची वेळ आधी ठरवावी लागते. स्थळे त्या वेळात बसवायची.

अंजनेरीस जाण्यापूर्वी प्राध्यापकांनी आम्हांस महामार्गालगतच्या पांडवलेण्यांत नेले. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ही लेणी बौद्ध आहेत आणि आमच्या विषयाशी त्यांचा थेट संबंध नाही, असे वाटले होते. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्यांनी एका लेखाकडे बोट दाखविले आणि म्हणाले, ‘‘बँकवाले साहेब, हा तुमच्यासाठी.’’

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रांसाठी द्यायची. मी तेथेच मनात हिशेब केला. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. पैचीही तफावत नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरात नोंदविल्याचा उल्लेखही लेखात आहे. छत्तीस वर्षे मी बँकेत काढली; विश्वस्त संस्थांच्या ठेवींचे कागद हाताळले. त्यांपैकी कित्येकांत हेतू आणि उत्पन्न यांचा मेळ इतका स्वच्छ नसे. ‘‘साहेब, हे तर फिक्स्ड डिपॉझिटच झाले!’’ भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना असलेले आमचे एक शेठ म्हणाले, आणि मग कोणीही पायऱ्यांची तक्रार केली नाही.

अंजनेरीस पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. समोर डोंगराचा काळा कडा, जवळजवळ ४,२०० फूट उंचीचा. डोंगरावर पार्श्वनाथांची मूर्ती असलेले एक लहान जैन लेणेही आहे, परंतु आमच्या गुडघ्यांचा विचार करून ते तरुणांवर सोपविले. या डोंगराचे आणखी एक वैशिष्ट्य जाता जाता सांगतो. येथे कंदीलपुष्प वर्गातील एक वनस्पती आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ साली तिची नवी जाती म्हणून नोंद केली आणि नावही अंजनेरीवरूनच ठेवले.

पायथ्याकडे वळल्यावर शेतांच्या मध्ये देवळे दिसू लागतात. कुठे गर्भगृह आणि पुढचा मंडप शाबूत, कुठे केवळ जोते, कुठे चौकट उभी आणि मागे आकाश. काळ्या पाषाणाचे चिरे चुना न वापरता एकावर एक बसविलेले आहेत. आपल्याकडे अशा कोणत्याही देवळास सरसकट हेमाडपंती म्हणण्याची रीत आहे. परंतु हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वत्सराजाचे दान त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे आहे. एका मोडक्या दाराच्या ललाटपट्टीवर ध्यानस्थ जिनमूर्ती दिसली. चेहरा झिजला आहे, पण पद्मासन स्पष्ट आहे. आमच्यातील ऐंशी वर्षांच्या एका बांनी चपला दूर काढल्या, दगडास हात न लावता नवकार म्हटला आणि उन्हातच बसून राहिल्या. त्यांना तेथून उठवायला कोणी गेले नाही.

मंडपाच्या सावलीत प्राध्यापकांनी लेखाचा आशय वाचून दाखविला. जुनागढचे विद्वान पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८३ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध केला. हेच ते भगवानलाल, ज्यांनी त्याआधीच्या वर्षी आपल्या खाडीपलीकडे सोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला. गुजराती घरात जन्मलेल्या या माणसाने महाराष्ट्राच्या इतिहासावर केवढे उपकार केले आहेत! आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावर एखादे पानही नसावे, याची मला खंत वाटते.

दानलेख ऐकताना माझे लक्ष दान दिलेल्या वस्तूकडे होते. दगडी लेखांत आणि ताम्रपटांत राजे सहसा गावे देतात, जमिनी देतात. कंबोडियाचेच उदाहरण घ्या. अंजनेरीचा लेख कोरला जात होता त्याच काळात तिकडे सूर्यवर्मन दुसरा अंगकोर वाट उभारीत होता. त्यानंतर ११८६ मध्ये सातव्या जयवर्मनाने आपल्या मातेच्या स्मरणार्थ उभारलेल्या ता प्रोम मंदिराच्या शिलालेखात मंदिराच्या सेवेत लावलेली ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे मोजून सांगितली आहेत. राजसत्ता होती तोवर ती व्यवस्था चालली. ती खचल्यावर तेथे वृक्षांची मुळे शिरली. त्याच ता प्रोमच्या जीर्णोद्धाराचे काम आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केले आहे, हे आमच्या कंबोडिया-रिटर्न दांपत्याला अंजनेरीत कळले.

अंजनेरीच्या मंदिराला दुकाने मिळाली. दुकान म्हणजे भाडे, आणि भाडे म्हणजे दरमहा येणारी रक्कम. सोन्याचा कलश एकदा चढतो. दिव्याचे तेल, पुजाऱ्याचा निर्वाह, पावसाळ्याआधी शिखरावरचे रोप उपटणे, हे खर्च दर महिन्याला, दर वर्षाला येतात. वत्सराज व्यापारी होता, म्हणून त्याला हे कळत होते, असे मी समजतो. देवळाचा दगड कशाने पडतो, तर बहुधा सांध्यात रुजलेल्या पिंपळाने; आणि ते रोप बोटभर असताना उपटायला एक माणूस आणि त्याची मजुरी पुरते.

व्यापाऱ्यांशी या स्थळाचे नाते आणखी जुने आहे. आठव्या शतकाच्या आरंभीचे, हरिश्चंद्र वंशातील भोगशक्ती राजाचे ताम्रपट अंजनेरीतच सापडले. त्यांपैकी एकात, उजाड झालेले समगिरिपट्टण नावाचे नगर पुन्हा वसविताना राजाने तेथील व्यापाऱ्यांना दिलेली वचने आहेत. चंद्रसूर्य असेपर्यंत त्यांच्याकडून जकात घ्यायची नाही. निपुत्रिक मेला तर त्याचे धन सरकारजमा करायचे नाही. राजाच्या अधिकाऱ्यांच्या राहण्याजेवणाचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही. ज्यांच्याकडे ही सनद सोपविली, त्यांत एल श्रेष्ठी आणि करपुट श्रेष्ठी ही नावे आहेत. श्रेष्ठी या शब्दापासूनच आपला शेठ शब्द आला. हे ऐकताच भांड्यांच्या कारखान्याचे शेठ म्हणाले, ‘‘बाकी सगळे राहू द्या, ते तिसरे कलम आजही लागू करता येईल का?’’ हशा पिकला; पण बाजारपेठ कशाने वसते, हे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या राजाला नेमके ठाऊक होते, यात शंका नाही.

त्या ताम्रपटांत कृष्णराज-रूपक या नाण्याचा उल्लेख येतो. कलचुरी राजा कृष्णराज सहाव्या शतकातला. म्हणजे त्याच्या नावाचा चांदीचा लहान रुपया त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षे हिशेबात टिकून होता. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी. ही नाणी नाशिक परिसरात तर सापडलीच, पण मुंबई आणि साष्टी बेटांवरही सापडली आहेत. आपले काशीमीरा, मिरा, भाईंदर हे सारे साष्टीतच येते. तेव्हा अंजनेरीच्या पेठेतले आणि आपल्या खाडीकाठचे चलन एकच होते. अंजनेरीतच डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आदींच्या पुढाकाराने स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था व तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. व्यापारी घराने मुलांना आवर्जून दाखवावे असे ते ठिकाण आहे. जाण्यापूर्वी वेळ मात्र विचारून घ्यावी.

दुपारच्या जेवणानंतर खरी चर्चा झाली, आणि ती काही वेळ तापलीही. आमच्यातील एका उदार गृहस्थांनी, ज्यांच्या घराण्याने दोन जिनालयांना हातभार लावला आहे, प्रस्ताव मांडला. येथे मकराण्याचे संगमरवर आणून चंद्रप्रभ स्वामींचे शिखरबंद देरासर उभे करू. जमीन नाही मिळाली तर शेजारचे शेत घेऊ. भावना निर्मळ होती. प्राध्यापकांनी शांतपणे कायदा समजावला. ही मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्ती करण्याचा अधिकार खात्याचाच. संरक्षण जाहीर होतेवेळी जेथे पूजा चालू नव्हती, तेथे ती नव्याने सुरू करू दिली जात नाही, असे खात्याचे धोरण आहे.

‘‘म्हणजे भगवान असेच उघड्यावर राहणार?’’ त्या गृहस्थांनी विचारले. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. श्रद्धावान माणसास जिनमूर्तीची आशातना पाहवत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास झिजलेल्या मूर्तीवर नवा ओप पाहवत नाही. माझा कल अभ्यासकाकडे आहे, तो लपविण्याचे कारण नाही. ऑइल पेंट फासलेल्या यादवकालीन मूर्ती आणि टाइल्स बसविलेली गर्भगृहे मी महाराष्ट्रभर पाहिली आहेत. त्या टाइल्सखाली एखादा वत्सराज गाडला गेला असेल, तर तो आता कोणास सापडणार?

परंतु नुसते ‘हात लावू नका’ म्हणून दगड टिकत नाहीत, हेही खरे. येथे हिशेबाचा मुद्दा येतो. आपल्या तीर्थांचा कारभार ज्या संस्था पाहतात, त्यांना आपण पेढी म्हणतो. शत्रुंजयाचा कारभार पाहणारी आणंदजी कल्याणजी पेढी सर्वांच्या परिचयाची आहे, आणि आणंदजी-कल्याणजी ही कोणा व्यक्तींची नावे नव्हेत, हेही पुष्कळांस ठाऊक असेल. देवाच्या कारभाराला व्यापारी पेढीचे रूप देणारा आपला समाज. व्यापाऱ्याच्या चोपड्यात धर्मादा खाते वेगळे असे. देवद्रव्य देवकार्याखेरीज कोठेही वळवायचे नाही, हा दंडकही किती काटेकोर! तरीही कोणत्याही संघाच्या विश्वस्तास एकांतात विचारा. बोलीच्या दिवशी देवद्रव्याचे आकडे डोळे दिपवितात आणि साधारण खाते वर्षअखेरीस ओढाताणीत असते. पहारेकऱ्याचा पगार, विजेचे बिल, गळती, झाडलोट यांना बोली लागत नाही. अंजनेरीसारख्या ठिकाणी देवद्रव्य वापरता येईल का, हा निर्णय आचार्य भगवंतांचा आहे. त्यात माझ्यासारख्याने बोलू नये. साधारण दानाविषयी मात्र बोलता येते.

आणि त्यास मार्ग आहे. केंद्र सरकारने १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन केला. संरक्षित स्मारकांसाठी या निधीस देणगी देता येते, ती अमुक स्मारकाच्या कामासाठी आहे असे ठरवून देता येते, आणि देणगीस प्राप्तिकराची सवलत आहे. सवलतीचा तपशील आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून तपासून घ्यावा, कारण तो करप्रणालीनुसार बदलतो. देणगी देऊन विसरून जावे, असे मात्र मी कोणत्याही व्यापाऱ्यास सुचविणार नाही. काम कोणते, केव्हा सुरू होणार, हिशेब कोणास आणि कधी मिळणार, हे आधी लेखी घ्यावे. उषवदाताने घेतलेच होते की.

परतताना इगतपुरीच्या पुढे बस थांबवून सूर्यास्तापूर्वी आम्ही थेपले आणि सुक्या भाजीवर चौविहार उरकला. मकराण्याचा प्रस्ताव मांडणारे ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. घाट उतरताना त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. त्यांचा काशीमीऱ्यास एक लहान गाळा आहे, भाड्याने दिलेला. त्या गाळ्याचे वर्षाचे भाडे त्यांनी कागदावर लिहिले, त्यातून मालमत्ता कर आणि दुरुस्ती वजा केली आणि उरलेल्या आकड्याखाली रेघ मारली. ‘‘साहेब, एवढे दरवर्षी अंजनेरीला दिले तर काय होईल?’’ शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. तो म्हणाला, ‘‘पप्पा, तो गाळा आपण विकायचे ठरवले होते. नव्या मशीनला पैसे कुठून आणणार?’’ मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. धंदा चालला नाही तर भाडेही नाही आणि दानही नाही. वडील काही बोलले नाहीत. कागद मात्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

हा लेख लिहीपर्यंत गाळा विकलेला नाही. दरम्यान आमच्यातील तीन कुटुंबांनी मिळून पुरातत्त्व खात्याच्या मंडल कार्यालयास पत्र धाडले आहे. अंजनेरीच्या जैन मंदिरांसाठी कोणते काम नियोजित आहे, त्यास राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फत साहाय्य करता येईल काय, आणि वत्सराजाच्या दानलेखाचा मराठी, गुजराती व हिंदी अनुवाद दाखविणारा फलक तेथे लावता येईल काय, असे तीन प्रश्न त्यात विचारले आहेत. पत्राचा मसुदा मी केला. सही वयाने सर्वांत ज्येष्ठ म्हणून त्या बांची आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडेसे. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, परंतु गवतात दगड दिसत नाहीत आणि सापकिरडूंचे भय असते. पांडवलेणी आणि अंजनेरी एका दिवसात होतात. गजपंथा त्यात कोंबू नये; त्यास वेगळा दिवस द्यावा. बरोबर जाणकार माणूस न्यावा, कारण अवशेष शेतांमध्ये विखुरलेले आहेत आणि सांगणारा नसेल तर पाच मिनिटांत पाहून होतात. शेतकऱ्याच्या पिकातून चालू नये. मूर्तीस केशर-चंदन, फुले, पाणी काहीही लावू नये. पडलेल्या चिऱ्यांवर बसून छायाचित्रे काढण्याचा मोह मुलांना होईल. त्यांना आधीच सांगून ठेवावे. आणि शक्य तर घरातील चोपडा सांभाळणाऱ्या व्यक्तीस अवश्य न्यावे, मग ते आजोबा असोत की नुकतीच बी.कॉम. झालेली सून.